हक्काचं सरपण

ताना, मार्च

ती. आबा,

ताना नदी अजून गोठलेली आहे आणि काठच्या बर्चच्या रानातून यांत्रिक करवतींचा आवाज येतो. नॉर्वेच्या या उत्तर टोकाला, फिनमार्कमध्ये, सरपण तोडायचा हंगाम हाच. झाडात अजून रस चढलेला नसतो. शिवाय बर्फ आहे तोवर ओंडके स्नो-स्कूटरमागच्या घसरगाडीवरून थेट अंगणात येतात. बर्फ वितळला की बऱ्याच वाटांची दलदल होते.

हे लाकूड बाजारातलं नाही. 2005 च्या फिनमार्क कायद्यानं इथली सुमारे 95 टक्के जमीन सरकारी कंपनीकडून काढून एका स्वतंत्र संस्थेकडे दिली. तिच्या मंडळात सहा जण असतात: तिघे सामी आदिवासींच्या संसदेनं निवडलेले, तिघे प्रांताच्या परिषदेनं. त्याच कायद्यानं गावात राहणाऱ्यांना घरच्या शेगडीपुरती पानगळीची झाडं तोडायचा हक्क दिला आहे. विकण्यासाठी नाही, घरापुरती. आपल्याकडे डोंगरातून मोळी आणणाऱ्या बायकांना वनरक्षकाची धास्ती असते. इथे तीच गरज कायद्यात कलम म्हणून लिहिलेली आहे, हे फार मोठं वाटतं.

फिनमार्कमधल्याच वारांगरच्या बाजूला मात्र वेगळंच दृश्य दिसतं. या शतकाच्या सुरुवातीला पतंगांच्या अळ्यांनी तिथली बर्चची रानंच्या रानं खाल्ली. उभी मेलेली झाडं पाहून नवख्याला वाटावं, वाळलेलं सरपण आयतंच मिळालं. पण बर्चची साल पाणी बाहेर पडू देत नाही, त्यामुळे आतलं लाकूड वाळण्याऐवजी कुजतं. म्हणून जाणती माणसं जिवंत झाड तोडतात आणि लगेच फोडतात.

ओट्टा, एप्रिल

ती. आबा,

गुडब्रान्सडाल खोऱ्यात घरोघरी फोडलेल्या लाकडाच्या भिंती उभ्या आहेत. खालून वारा खेळावा म्हणून त्या जमिनीपासून थोड्या उचलून, उन्हाच्या बाजूला रचलेल्या असतात. याच खोऱ्यातले लेखक लार्श मिट्टिंग यांनी 2011 मध्ये सरपण तोडणं, रचणं आणि जाळणं एवढ्याच विषयावर पुस्तक लिहिलं आणि ते देशभर खपलं. 2013 च्या फेब्रुवारीत सरकारी दूरचित्रवाणीनं त्यावरून बारा तासांचा कार्यक्रम केला; त्यातले आठ तास पडद्यावर नुसती आग जळत होती. प्रेक्षक भांडले ते रचण्यावरून. सालीची बाजू वर ठेवायची की खाली? वर म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद असा, की साल पावसाला अडवते.

वाद बाजूला ठेवला तरी वाळवण्याचं महत्त्व आकड्यांतच दिसतं. ताज्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मं पाणी असतं. ते जाळायला घेतलं की आगीची शक्ती आधी पाण्याची वाफ करण्यात जाते आणि अर्धवट जळलेला धूर धुराड्यात डांबर होऊन बसतो. तेच पुढे पेटलं की घराला धोका. ओल 20 टक्क्यांखाली आली की किलोमागे सुमारे 4 युनिट उष्णता मिळते. हा आकडा बर्चला लागू, तसाच स्प्रूसलाही. फरक वजनात आहे. बर्च जड, म्हणून त्याची तेवढीच ढलपी जास्त वेळ पुरते. तेव्हा हलकं लाकूड कुणी फुकट देत असेल तर नाकारायचं कारण नाही. जागा मात्र जास्त लागेल.

फुकटातही पारख हवी. जुन्या कुंपणाच्या हिरवट फळ्यांत आर्सेनिक असू शकतं; असं लाकूड नॉर्वेनं 2002 मध्ये बंद केलं, पण आधीच्या फळ्या अजून निघतात. मालवाहू लाकडी पॅलेटवर ‘एचटी’ छाप असेल तर ते नुसत्या उष्णतेनं निर्जंतुक केलेलं असतं. ‘एमबी’ म्हणजे विषारी वायू दिलेलं. ‘एमबी’चं पॅलेट घरात आणूच नये. रंग लावलेलं लाकूडही तसंच.

बर्गन, मे

ती. आबा,

लाकडाचा हिशेब झाल्यावरच शेगडी निवडावी. बहुतेक लोक आधी दुकानात जातात आणि डोळ्यांत भरेल ती मोठी शेगडी घेतात. मग छोट्या, बंदिस्त घरात उकाडा होतो, म्हणून हवेची झडप आवळली जाते आणि आग धुमसत राहते. आपल्या बंबात ओली ढलपी कोंबल्यावर होतं तसं. चांगलं इन्सुलेशन असलेल्या नव्या घराला बहुधा 4-5 किलोवॅटची शेगडी पुरते. लहान शेगडी मोकळ्या हवेवर जाळणं केव्हाही चांगलं.

नॉर्वेत विकायच्या नव्या शेगडीतून किलोभर लाकडामागे 10 ग्रॅमपेक्षा जास्त धूलिकण निघता कामा नयेत, असा नियम 1998 मध्ये आला. त्यामागची युक्ती साधी आहे: आगीच्या वरच्या बाजूला तापवलेली हवा सोडायची, म्हणजे वर जाणारा धूरही पेटतो आणि त्याची उष्णता घरातच राहते. बीड लवकर तापतं आणि लवकर निवतं. ओट्ट्याकडच्या खाणींतला मऊ संगजिऱ्याचा दगड तापायला वेळ घेतो, पण रात्रभर ऊब देतो. दिवसभर बाहेर असणाऱ्यांना बीड बरं, घरात वावर असणाऱ्यांना दगड.

बर्गन डोंगरांच्या वाटीत वसलं आहे. थंडीत वारा पडला की धूर शहरावरच साचतो, म्हणून 2021 पासून इथे जुन्या पद्धतीच्या शेगड्या पेटवायला बंदी आहे. धुराडं झाडणारा इथे पालिकेचा माणूस असतो. तो काजळी काढतो, शेगडी तपासतो, आणि नवी बसवली तर मालकानं ते पालिकेला कळवायचं असतं.