मेंदूतील फुली

कोल्हारला, प्रवरेकाठच्या या गावात, माझ्या दवाखान्यात मध्यंतरी एक मुलगा वडिलांच्या सीटी स्कॅनचा अहवाल घेऊन आला. "डॉक्टरसाहेब, आबांचा उजवा हात-पाय गेलाय, अन् इथं डावा मेंदू लिहिलाय. रिपोर्टची अदलाबदल झाली असंल, म्हणून गोळ्या थांबवल्या." गुठळी होऊ न देणारी गोळी दोन दिवस बंद होती! आदल्या खेपेस हाच अहवाल मी त्याला वाचून दाखवला होता. त्यातील मर्म समजावण्याचे मात्र राहून गेले होते.

त्या मर्माचे नाव डेक्यूसेशन, म्हणजे व्यत्यास. रोमन लोक दहाचा आकडा फुलीसारखा लिहीत. त्याच्या लॅटिन नावावरून हा शब्द आला. हालचालींचे आदेश नेणारे बहुतेक तंतू, मेंदू मेरुरज्जूला मिळतो त्याच्या किंचित वर, एकमेकांना छेदून बाजू बदलतात. इटलीच्या मिस्तिकेल्ली या वैद्याने १७०९ साली या फुलीचे वर्णन केले. म्हणून डाव्या मेंदूचा रक्तपुरवठा अडला की उजवे अंग लुळे पडते. वाचेचे केंद्रही बहुधा डावीकडेच असल्याने पुष्कळदा बोलणे अडखळते. लहान मेंदूचा न्याय निराळा: त्याच्या इजेचा तोल त्याच बाजूला जातो.

अहवालाविषयी शंका जरूर घ्यावी, पण ती डॉक्टरांना विचारावी. गोळी परस्पर थांबवू नये.

मी त्याच अहवालाच्या पाठीवर फुली काढून दाखवली. मुलगा काही बोलला नाही. बाहेर रिक्षात बसलेल्या आबांसाठी तो पाण्याचा पेला घेऊन गेला. आबांनी गोळीसाठी डावा हात पुढे केला.