पान आणि फूल

कोळकांदा ऐन उन्हाळ्यात फुलतो. माती भाजून निघालेली, गवताची काडीही उरलेली नसते, आणि त्या उघड्या जमिनीतून सोबतीला एकही पान न घेता सरळसोट दांडा वर येतो; सांज उतरली की त्याच्यावरची मातकट फुलं एकेक करून उमलतात, रात्रभर वाऱ्यावर डुलतात आणि उजाडेपर्यंत मिटून जातात. पानं पावसाळ्यात येतात.

दोघांची भेट होतच नाही.

म्हणून अशा रानकंदांची ओळख पटवणं इतकं अवघड. वनस्पतिसंग्रहातल्या जुन्या कागदांवर कुठे नुसता दांडा, कुठे नुसती पानं. रंग उडालेले, पाकळ्या चिकटलेल्या. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गच्या 1832 साली छापलेल्या ग्रंथात या कोळकांद्याचं शास्त्रीय नाव सिला होतं, पुढे अर्जिनिया झालं, 1977 साली ड्रिमिया. अभ्यासक कंद कुंडीत लावतात, त्याचे ऋतू सांभाळतात, मुळांच्या टोकांतली गुणसूत्रं मोजतात; आणि एकाच नावाच्या झाडांत कुठे 20 सापडतात, कुठे 30, कुठे 40.

ग्वाल्हेरला, आमच्या दाना ओलीत, गच्चीवरच्या कुंडीत असा एक कंद आहे. दिवसभर तापलेल्या भिंती रात्री उशिरापर्यंत धगधगत असतात, तेव्हा मी त्याच्यापाशी बसते. वरचं कागदासारखं तपकिरी साल बोटाला लागताच सुटतं, आत ओलसर पांढरा पापुद्रा लकाकतो. त्याचा रस कातडीला खाजरा. वरून सगळं सुनं. आत पुढचा पाऊस साठवलेला.

आणि मन कोकणात जातं. पहिल्या सरींनंतर रत्नागिरीच्या काळ्या कातळावर, मूठभर मातीत, लांब नळीची पांढरी फुलं घेऊन दीपकाडी हा दुसरा रानकंद उभा राहतो. वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेलनं 1850 साली या दीपकाडीची नोंद केली. तिच्याच गोतातली गोव्याची दीपकाडी मात्र शास्त्राच्या लेखी 2009 पर्यंत निनावी होती. इतकी वर्षं ती दर पावसात फुलतच असणार, नावावाचून.

आता कोकणातल्या त्याच कातळसड्यांवर चिरेखाणी खोल उतरताहेत. उन्हाळ्यात ओसाड दिसणारी जमीन रिकामी नसते. कोळकांदा ओळखायचा असेल तर एकाच जागी दोनदा जा, वैशाखात आणि श्रावणात. आणि कंद मातीतच राहू द्या.