कोयत्याची मूठ

मंडळी, तुमच्या घरात विळे-खुरपी किती आहेत, असे कोणी एकदम विचारले तर सांगता येईल काय? म्हशी किती, उसाला पाणी कितव्यांदा सोडले, सोसायटीचे किती देणे आहे, हे तुम्ही झोपेतही सांगाल. पण विळे? आम्ही परवा मोजले. वळचणीला खोचलेले, गोठ्यातल्या मेढीला अडकवलेले, वैरणीखाली सापडलेले असे मिळून अकरा निघाले. त्यांतले धड कापणारे चार! बाकीचे सात नुसते लोखंड.

मला या धारेचा नाद आहे. आमच्या कोल्हापूरच्या मातीत नादाला तोटा नाही. कुणाला तालमीचा, कुणाला शर्यतीच्या बैलांचा, शहरातल्या पेठांतून फुटबॉलचा. आम्ही गावातले पाच-सहा जण धारेचे नादी. संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर बसलो, की इतर लोक राजकारण काढतात आणि आमच्यातला कोणी पिशवीतून एखादा कोयता काढतो. मग तो हातोहाती फिरतो. अंगठा आडवा फिरवून धार बघायची, पाठीवर टिचकी मारून आवाज ऐकायचा, मूठ आवळून तोल बघायचा. "वजन म्होरं जातंय गा, मनगट दुखंल," असे कोणी म्हणतो. दुसरा म्हणतो, "उसाला बरा हाय, पण जोंधळ्याला नगं." घरची माणसे हसतात, की ही म्हातारी पोरे अजून खेळण्यात रमली आहेत. हसोत.

या कट्ट्याची एक रीत आहे. ज्याच्या घरी एकाच कामाची दोन चांगली हत्यारे असतील, त्याने एक दुसऱ्याला द्यायचे. विकायचे नाही. खंडेनवमीला आपण हत्यारे धुऊन, हळद-कुंकू लावून, झेंडूचे फूल वाहून पूजतो. त्या दिवशी आमची ही देवाणघेवाण चालते. मात्र कोणी कोणाच्या हातात पाते देत नाही. हातात दिले की भांडण होते, अशी जुनी समजूत. जमिनीवर ठेवायचे, घेणाऱ्याने उचलायचे आणि जागेवर एक सुपारी नाहीतर रुपया ठेवायचा. समजूत खरी की खोटी ते सोडा, पण उघडे पाते हातातून हातात जाताना बोट कापते हे तर खरेच आहे. ज्याने कोणी ही रीत पाडली त्याला अक्कल होती.

आता हत्यार म्हटले की लोकांना तलवार आठवते. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातील संग्रहालयात जा, तलवारी, भाले, कट्यारी बघून डोळे निवतात. आमच्या पेठांतून मर्दानी खेळात दांडपट्टा अजून फिरतो आणि २०२४ साली सरकारने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला, हे ऐकून आम्हालाही बरे वाटले. पण विळ्या-खुरप्याला कुठला मान? त्यातही अलीकडे पुण्याकडच्या टोळक्यांमुळे कोयत्याचे नाव वर्तमानपत्रात यायला लागले ते गुन्ह्याच्या पानावर. आमच्यातल्या एकाला बाजारातून दोन कोयते पिशवीतून आणताना एस.टी.त शेजारच्या माणसाने असे बघितले, की बिचारा उठून दाराशी जाऊन उभा राहिला.

लोखंड देण्याची रीत आमच्या भागाला नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर करायला घेतले. लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून शेतकरी आधी ते घेईनात. पुढे पहिल्या महायुद्धात लोखंडच मिळेना, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा वितळवून नांगर करायला दिल्या, असे सांगतात. तोफेचा फाळ झाला! आमच्या कट्ट्यावर ही गोष्ट वर्षातून एकदा तरी निघतेच.

असो. कामाचे बोलू.

कोयता कसल्या लोखंडाचा आहे, हे आधी बघावे. बाजारात चकचकीत, रंगवलेले, कागद चिकटवलेले कोयते येतात. त्यांतले पुष्कळसे साध्या मऊ पत्र्याचे. त्याला कितीही घासा, दोन सऱ्या तोडल्या की धार मुडपते. ट्रकच्या किंवा जीपच्या कमानपाट्याचे लोखंड वेगळे. त्यात कार्बन अर्धा टक्का किंवा थोडा जास्तच असतो, म्हणून त्याला पाणी धरते. ओळखायचे कसे? सहाणेच्या चाकावर क्षणभर टेकवा. मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब सरळ रेघेत जातात, कमानपाट्याच्या ठिणग्यांना पुढे जाऊन फुले फुटतात. आमच्यातले एक जण एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले मेस्त्री आहेत, त्यांनी हे आम्हाला शिकवले. दुसरी परीक्षा कानशीची. पाणी दिलेल्या धारेवरून कानस जरा घसरायला हवी. लोण्यासारखी खाऊ लागली तर धार कच्ची. अजिबात लागतच नसेल तर धार फार कडक, ती दगडावर आपटली की टवका उडणार.

पाणी देणे हीच लोहाराची खरी विद्या. पाते लाल करून नुसती धार तेवढी पाण्यात बुडवायची. पाठ लालच ठेवायची. मग पाठीची ऊब हळूहळू धारेकडे उतरते आणि घासून पांढऱ्या केलेल्या लोखंडावर रंग चढू लागतो. वाळल्या गवतासारखा पिवळा दिसला की ताबडतोब सगळे पाते बुडवायचे. जरा उशीर झाला, निळे पडले, की धार मऊ झाली. हे सगळे भट्टीच्या उजेडात, डोळ्यांनी. आमच्या गावचे लोहार वारले तोवर त्यांच्याकडे उष्णता मोजायचे कसलेही यंत्र नव्हते. ते भट्टीवर छप्पर मुद्दाम बुटके आणि अंधारे ठेवीत. रंग दिसावा म्हणून.

म्हणूनच सांगतो, धार गेली म्हणून कोयता विजेच्या सहाणेवर कोरडा दाबून धरू नका. गावोगाव आता हेच चालते. ठिणग्या उडतात, दोन मिनिटांत काम होते, बघायलाही छान. पण काठाशी निळी झाक आली की लोहाराने दिलेले पाणी गेले समजा. सहाण वापरायचीच तर पाते सारखे पाण्यात बुडवत राहावे. त्यापेक्षा साधा दगड बरा. पाणी टाकून, एकाच कलाने, दोन्ही अंगांनी. गवताच्या विळ्याची धार पातळ चालते, उसाच्या कोयत्याची थोडी जाड ठेवावी, नाहीतर बुडख्याशी खडा लागला की खाच पडते. आणि ऊस तोडताना बुडख्याशीच तोडायला हवा. गोडी खालच्या पेरांत जास्त. दोन-तीन इंच धसकट वर राहिले तर तेवढा वजनाचा तोटा, शिवाय खोडव्याचे फुटवे वरून फुटून कमजोर निघतात. बोथट कोयत्याने खाली वाकून तोडायचा कंटाळा येतो, माणूस नकळत वरून तोडतो. म्हणजे धार बोथट मजुराची, नुकसान मालकाचे!

घाटाकडच्या राधानगरी-गगनबावड्याच्या भातकरी पाहुण्यांकडे आता दातेरी 'वैभव' विळा दिसतो. भात जमिनीलगत कापले जाते, त्यामुळे धसकटात राहणाऱ्या खोडकिडीच्या अळ्यांना जागा उरत नाही. दात्यांचा विळा दगडावर लावता येत नाही, एवढीच आमच्या कट्ट्याची त्याच्यावर नाराजी!

उसाचा रस पात्यावर सुकू देऊ नये. संध्याकाळी धुऊन, पुसून, तेलाचे बोट फिरवावे.

आणि आता मूठ. कट्ट्यावर आम्ही वर्षानुवर्षे पात्यावर बोललो, मुठीवर कमी. तीन वर्षांपूर्वी गळिताच्या हंगामात आमच्या उसाला बीडकडची टोळी आली होती. तुम्हाला ठाऊकच आहे, त्या लोकांत नवरा-बायकोच्या जोडीलाच 'कोयता' म्हणतात. एकट्या माणसाला 'अर्धा कोयता'. उचलही कोयत्यावर ठरते. त्या टोळीत विशी-बाविशीची एक बाई होती. तिच्या कोयत्याची मूठ हलत होती. सकाळी तिने तो पाण्याच्या बादलीत ठेवला. आपणही हेच करतो, लाकूड फुगते आणि मूठ घट्ट बसते. पण दुपारच्या उन्हात तेच लाकूड सुकले आणि उलट आधीपेक्षा ढिले झाले. वाढे छाटताना पाते मुठीतून सुटले आणि तिच्या डाव्या पायाच्या नडगीवर बसले.

जीपमधून तालुक्याला नेले. नऊ टाके पडले, धनुर्वाताचे इंजेक्शन झाले. डॉक्टरांनी पंधरा दिवस पाय टेकू नको म्हणून सांगितले. ती पाचव्या दिवशी फडात आली. पायाला फडके बांधून, बसून मोळ्यांना बंध करीत होती. मी तिच्या नवऱ्याला म्हटले, "अरे, हिला कोपीवर राहू दे की." तो काही बोलला नाही. तीच म्हणाली, "अर्ध्या कोयत्यावर उचल फिटत न्हाई, मामा."

हे मी कट्ट्यावर सांगितले. आमच्यातले सर्वांत थोरले आबा ऐकत होते. आबांकडे जीपच्या कमानपाट्याचा एक कोयता होता, आमच्या लोहारांनी त्यांच्या उमेदीत घडवलेला. बाभळीची मूठ, पितळेची शेंबी, मुठीत जाणारे लोखंडी टोक आरपार काढून मागून वळवून ठोकलेले. असे वळवलेले असले की लाकूड सुकले तरी पाते निसटत नाही. हा कोयता आबांनी पोरांनासुद्धा हात लावू दिला नव्हता. मी तीन खंडेनवम्या मागितला होता, दिला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा काठी टेकत फडात आले. कोयता धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला. तिच्यापुढे सरीत ठेवला आणि म्हणाले, "घे."

ती घेईना. "लोखंड फुकट घेऊ न्हाई बाबा. अंगावर येतं."

आबा म्हणाले, "मग रुपाया ठेव."

तिने कनवटीची पिशवी उघडली. त्यात रुपया नव्हता, दहाची नोट होती. आबांनी ती घेतली आणि नऊ रुपये मोजून परत दिले. मग तिथेच बसून, तिला दगड कसा धरायचा ते दाखवले. उन्हे चढेपर्यंत बसले होते.

त्या हंगामानंतर ती टोळी आमच्याकडे आली नाही. कोणत्या कारखान्याकडे गेली ठाऊक नाही. आबा मात्र दर गळिताला विचारायचे, "बीडची माणसं आली काय रं?" गेल्या पावसाळ्यात आबा गेले. तो दहातला एक रुपया त्यांनी देव्हाऱ्यात ठेवला होता, असे त्यांच्या सुनेने सांगितले.

त्या दिवसापासून आम्ही आधी मूठ बघतो. हलणारी मूठ पाण्यात बुडवायची नाही, काढून नवी बसवायची. लाकूड वर्षभर सावलीत वाळलेले हवे, ओल्या बाभळीची मूठ उन्हाळ्यात हमखास खुळखुळते. शेंबी घट्ट हवी आणि टोक आरपार वळवलेले. जमत असेल तर तसलाच कोयता घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी.

हे घरी सांगत बसलो होतो, तर आमची मंडळी चुलीजवळून म्हणाली, "मुठी पुरुषांच्या हाताच्या करता, खुरपायला बसतो आम्ही." तिने माझ्यापुढे हात धरला. खुरप्याच्या जाड मुठीला तिची बोटे पुरती वळत नव्हती. चाळीस वर्षे ती त्याच मुठीने भांगलण करते आहे. कट्ट्यावर इतकी वर्षे तोल आणि वजन चालले होते, पण गावातली निम्म्याहून जास्त भांगलण ज्या हातांनी होते, ते हात त्या गप्पांत कुणी मोजले नव्हते.

आमच्या लोहारांची भट्टी बंद पडून बरीच वर्षे झाली. मधूनमधून घिसाडी कुटुंब रस्त्याकडेला भाता लावते, बाई घण मारते, पुरुष सांडशीत पाते फिरवतो, तेवढेच. पण लोहारांचा नातू शिरोलीच्या एका फौंड्रीत कामाला आहे. त्याला मेस्त्रींनी आणि मी गाठले. तो म्हणाला, आजोबांचा रंग बघायचा डोळा मला थोडासा आहे, रविवारी येईन. ऐरण अजून जागेवर होती, भात्याच्या जागी त्याने विजेचा पंखा जोडला. पहिली दोन पाती त्याने जाळली. तिसरे बरे निघाले. कानस घसरली.

यंदा खंडेनवमीसाठी त्याला सहा कोयते आणि दहा खुरपी सांगितली आहेत. लोखंड मेस्त्रींनी जुन्या पाट्यांचे मिळवले. कोयत्यांतले चार टोळ्यांसाठी राखलेत. खुरप्यांच्या मुठींसाठी मी गल्लीतल्या आठ-दहा बायकांच्या मुठी सुतळीने मोजून घेतल्या. सुतळीला गाठी मारून, नावांच्या चिठ्ठ्या बांधून ती लोहाराच्या पोराकडे दिली आहे. तो म्हणतो, दोन मुठी एका मापाच्या नाहीत.