मूदचा पांढरा पट्टा

स्पितीतील पिन नदीच्या खोऱ्यात, मूद गावाजवळ, डोंगराच्या अंगावर एक पांढरा पट्टा दिसतो. दुरून तो बर्फाचा वाटावा. हातोडीखाली मात्र खणखणीत वाजतो. सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या किनाऱ्यावरची ही वाळू आता क्वार्टझाइट झाली आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा फर्डिनांड स्टोलिच्का १८६४ मध्ये येथे आला. या थरांना त्याने याच गावाचे नाव दिले.

नकाशा करणाऱ्याजवळ हातोडी, भिंग, होकायंत्र आणि वही, इतकेच साहित्य असते. थर कोणत्या दिशेला, किती अंशांनी कलला आहे, हे मोजून तो कागदावर एक बारीकशी रेघ ओढतो. सह्याद्रीत वाढलेल्या डोळ्याला हे काम प्रथम सोपे भासते, कारण तेथे काळ्या पाषाणाचे थर बहुधा आडवे आणि खालचा तो जुना. येथे ती सवय दगा देते. भारतीय भूखंड आशियाला भिडला आणि मधल्या टेथिस समुद्राचा गाळ चुरगाळला गेला. घडीच्या एका बाजूस जुना थर नव्याच्या डोक्यावर येऊन बसतो. तेवढे हुकले, तर किनाऱ्यावर चढून आलेला समुद्र नकाशात ओसरलेला दिसेल.

मग दगडाच्या पाठीवर लाटांनी उमटवलेल्या वळ्या शोधाव्या लागतात. त्यांचे माथे टोकदार, खळगे गोलसर. माथे ज्या बाजूला, ती एकेकाळची आकाशाची बाजू. याच वाळूत संधिपाद प्राण्यांच्या पायांचे मागही सापडले आहेत. एवढ्या प्रचंड उलथापालथीत ती नाजूक पावले टिकावीत, हे नवलच.

थरांच्या क्रमाने बरेच वर काळा, ठिसूळ स्पिती शेल येतो. त्यातले अमोनाइट आपल्या देवघरातील शाळिग्रामाचे सगोत्र. गंडकीचे शाळिग्रामही अशाच जुरासिक समुद्रातले. स्टोलिच्काने स्पितीतील जीवाश्मांचे सविस्तर वर्णन केले. यारकंदच्या मोहिमेवरून परतताना, १९ जून १८७४ रोजी, लडाखमधील मुर्गो येथे तो वारला. वय अवघे छत्तीस.

त्याच्यानंतर पुष्कळांनी ही खोरी पायाखाली घातली. दगडधोंड्यांच्या घसरणीखाली पट्टा दिसेनासा होतो, तेथे प्रत्येकाचा हात थबकला असणार. दोन्हीकडचे पांढरे टोक स्पष्ट, मधले अंतर थोडे. रेघ सरळ जोडून टाकण्याचा मोह मोठा. पण खाली प्रस्तरभंग दडलेला असू शकतो. म्हणून तेवढ्या भागात रेघ तुटक काढायची असते.