दोन गावांचे एक अंगण : किसामा

कोहिमाहून मणिपूरच्या दिशेने सुमारे १२ किलोमीटर गेले की किसामा लागते. या नावाचे जुने गाव मात्र शोधूनही सापडणार नाही. शेजारच्या किगवेमातला ‘कि’, फेसामातला ‘सा’ आणि ‘मा’ म्हणजे गाव, असे जोडून हे नाव तयार झाले आहे. दोन्ही गावे अंगामी नागांची. नागालँडमध्ये बहुतेक जमीन सरकारची नव्हे, तर गावांची आणि कुळांची असते. त्यामुळे गावकऱ्यांनी मनावर घेतल्याशिवाय इथे काही उभे राहत नाही.

२००० साली सुरू झालेला हॉर्नबिल महोत्सव दरवर्षी १ ते १० डिसेंबरला याच डोंगरउतारावर भरतो. १९६३ मध्ये १ डिसेंबरलाच नागालँड राज्य अस्तित्वात आले. इथे निरनिराळ्या जमातींनी आपापले ‘मोरुंग’, म्हणजे तरुणांचे पारंपरिक निवासगृह, उभारले आहे. एके काळी एकमेकांच्या गावांवर चालून जाणाऱ्या जमाती आता शेजारी शेजारी चुली पेटवतात आणि धुरावर सुकवलेले मांस व तांदळाचे मद्य पाहुण्यांपुढे ठेवतात. कोहिमात न मावणारी गर्दी मग आसपासच्या गावांत मुक्कामाला जाते आणि चार पैसे तिथल्या गृहिणींच्या हातीही पडतात.

पश्चिमेला सुमारे २० किलोमीटरवर खोनोमा आहे. शिकार ज्यांच्या रक्तात, त्या गावाने १९९८ मध्ये शिकारबंदी करून दुर्मीळ ट्रॅगोपान पक्ष्यासाठी जंगल राखले. आज तोच पक्षी पाहण्यासाठी लोक दुरून येतात.

सगळेच वाद मात्र मिटलेले नाहीत. जाखामा किंवा विस्वेमाहून चढून जावे लागणाऱ्या रम्य झुकू खोऱ्याच्या हद्दीवरून नागालँड आणि मणिपूरच्या गावांत जुना तंटा आहे. २०२० च्या डिसेंबरअखेरीस तिथे वणवा पेटला, तेव्हा ज्वाळांनी हद्द पाहिली नाही. वायुसेनेच्या हेलिकॉप्टरांनाही धावून यावे लागले. खोरे जळाले तर दोन्हीकडच्या गावांचे नुकसान होते, हे त्या आगीने दाखवून दिले.

कसे जाल? दिमापूरपर्यंत रेल्वे किंवा विमान. तिथून कोहिमा सुमारे ७४ किलोमीटर. राज्यात प्रवेशासाठी ‘इनर लाइन परमिट’ आधीच काढावे. डिसेंबरच्या रात्री कडाक्याच्या असतात, गरम कपडे विसरू नयेत. आणि मोरुंगच्या उंबरठ्याशी क्षणभर थांबून आधी यजमानांना विचारावे.