पारण्याची तारीख नसलेला उपवास



यंदा पर्युषणात सुनेने अठ्ठाईचा भाव केला होता. चौथ्या दिवशी चक्कर आली आणि डॉक्टरांनी सांगितल्यावर तिने पारणे केले. मी काही बोलले नाही, पण माझा चेहरा पडला तो तिने पाहिलाच.

त्याच आठवड्यात पहिल्या महायुद्धातल्या कुतच्या वेढ्याविषयी वाचत होते. आपल्या रत्नागिरीतून तेव्हा मराठा पलटणींत पुष्कळ भरती होई. 103 आणि 110 क्रमांकाच्या मराठा पलटणी डिसेंबर 1915 मध्ये इराकात, तैग्रिसकाठच्या कुत गावात तुर्कांच्या वेढ्यात सापडल्या. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. जव होते, पण दळायला जाती पुरेनात. शेवटी विमानातून जात्याचे दगड टाकले!

मग घोडे-खेचरे मारून त्यांचे मांस वाटू लागले. बहुतेक हिंदी शिपायांनी ते नाकारले. आपले कोकणी मराठे काही शाकाहारी नव्हते, मासे-मटण खाणारेच. पण घोडा त्यांना निषिद्ध. भाजी नाही, फळ नाही. स्कर्व्हीने हिरड्या सुजल्या, उभे राहण्याची ताकद गेली. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी मागवली, तरी अनेकांना धाक होता तो वेगळाच: गावी परतल्यावर लोक काय म्हणतील? एप्रिलमध्ये अगदी शेवटी बऱ्याच जणांनी ते खाल्ले. 29 एप्रिल 1916 ला कुत पडले. सुमारे 13,000 माणसे कैद झाली. वाळवंटातून पायपीट, मग अनेकांच्या वाट्याला रास-अल-ऐनला रेल्वेचे काम. हजारो परतलेच नाहीत.

वाचता वाचता हात थांबला. आपल्या उपवासाला पारण्याची तारीख असते, मुगाचे पाणी तयार असते, शाता विचारायला माणसे येतात. त्यांच्या भुकेला यातले काहीच नव्हते. ज्यांनी खाल्ले नाही त्यांची अनुमोदना करावी. ज्यांनी खाल्ले त्यांना बोल लावणारी मी कोण? ते ज्या गावाला भीत होते, ते गाव म्हणजे आपणच की! ओसरीवर बसून दुसऱ्याच्या ताटात डोकावणारे.

आपल्या पच्चक्खाणातही आगार ठेवलेले आहेत. शास्त्राने माणसाच्या देहाचा विचार केला, तो मी सुनेच्या बाबतीत केला नव्हता.

संवत्सरीला सगळ्यांच्या आधी तिच्यापुढे हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हटले. रात्री नवकाराची एक माळ त्या शिपायांसाठी फिरवली, आणि एक त्या मुक्या घोड्यांसाठी.