तेलाने न सुटलेली केबल



आमची जुनी स्की-बोट विंडरमिअर सरोवरात पळायची. २९ मार्च २००५ पासून तिथे १० नॉटची, म्हणजे ताशी सुमारे १८.५ किलोमीटरची वेगमर्यादा आली. एवढ्या वेगात पाण्यावर स्की कसली होणार? बोट शेडमध्ये पडून राहिली. यंदा नातू म्हणाला, "आजी, वेल्सच्या समुद्रात नेऊ या." बघतो तर थ्रॉटलचा दांडा हलेना!

आपण पडलो शनवार तेली. पूर्वी कोकणात आपल्याला तसंच म्हणत, कारण शनिवारी आपले घाणे बंद. तेव्हा आम्ही दोघांनी केबलमध्ये तेल सोडलं. दांडा पुढे गेला, पण मागे येताना अडकला. नातू म्हणाला, "चालेल की!"

आमची नर्सची सवय जाईना. दुखणं कुठे आहे ते आधी शोधावं. इंजिन बंद ठेवून केबलचं तिकडचं टोक सोडवलं. कार्ब्युरेटरची झडप हाताने सहज उघडली, स्प्रिंगने मिटली. मग दांड्याकडचं टोक सोडवलं. दांडाही मोकळा. म्हणजे दोष केबलचाच, आतली तार गंजलेली. तेवढ्याच लांबीची नवी केबल आणली, कुठे घट्ट वळण येऊ दिलं नाही.

बालमित्रांनो, एवढा हट्ट का? स्की करणारा पडला की बोट हळूहळू त्याच्याजवळ न्यायची, मग इंजिन बंद करायचं. त्या वेळी वेग कमीच झाला नाही तर? पाण्यात आमची धाकटी नात असणार होती.

तेल स्वयंपाकाला ठेवलं. केबल नवीच बरी.